मास्तरांनी पट्टा आत घेतला

ज्या दिवशी मास्तरांनी रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पट्टा थोडासा आत घ्यायचं ठरवलं, त्या दिवसापर्यंत त्या गल्लीतल्या सगळ्यांचे रक्तदाब आपापल्या जागी गुण्यागोविंदाने नांदत होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, त्यामुळे निम्मं बोलणं नाकातून. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोल्यांत संसार आणि मध्ये एक पडदा. (पडद्याला अस्तर होतं. साधा पडदा लावेल तो शिंपी कसला.) आयुष्यात त्यांची एकाच गोष्टीवर नितांत श्रद्धा होती: बाजारात मिळणारी तयार वस्तू कोणालाच नीट बसत नाही. शर्ट-पँटच्या बाबतीत हे चाललंही असतं, पण मास्तर तिथे थांबत नसत. गाद्यांच्या खोळी, छत्रीचं कापड, इस्त्रीच्या टेबलाचं आवरण, सगळं त्यांनी उसवून आपल्या मनासारखं करून घेतलं होतं. स्कूटरच्या कव्हराला चुण्या घालून त्यांनी ते इतकं अंगासरसं बसवलं होतं की ते काढायला घरातली दोन माणसं लागत, आणि चढवायला शेजारचं तिसरं. बायको म्हणायची, बरं झालं मी लग्नाच्या वेळी बारीक होते, नाहीतर मलाही दोन ठिकाणी टीप मारली असती.

मास्तरांना एकच मुलगी. सातवीत. उंच आणि इतकी किरकोळ की घरीदारी तिला काडी म्हणत. मापं घेताना मास्तर हळहळायचे, की हिच्या बाहीत कापड कमी लागतं हे खरं, पण दाखवायला काही उरत नाही. काडीचं अभ्यासात फार चित्त नव्हतं, पण पळायला लागली की मागे फक्त तिची वेणी दिसायची. शाळाशाळांच्या शर्यतीसाठी तिची निवड झाली तेव्हा मास्तरांनी हातातलं गिऱ्हाईक बाजूला ठेवून तिच्यासाठी पळायची चड्डी शिवली. ती इतकी हलकी झाली होती की पहिल्यांदा धुऊन वाळत टाकल्यावर ती काडीच्या आधीच पळाली. शेजारच्या गच्चीवर सापडली.

आणि मग शाळेत तपासणी झाली. शर्यतीत उतरणाऱ्या सगळ्या मुलांची उंची, वजन, डोळे, छाती बघितली, आणि काडीचा रक्तदाब जास्त निघाला.

तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं आणि शांतपणे समजावलं. मुलांचा रक्तदाबही वाढू शकतो, तो मोठ्यांच्या आकड्यांवरून ठरवायचा नसतो, वय आणि उंची बघावी लागते, आणि एकदा जास्त आला म्हणजे आजार झाला असंही नसतं. काही दिवस घरी सकाळी शांत बसवून मोजा, मग तिला घेऊन माझ्या दवाखान्यात या, मी पुन्हा बघते आणि मग शर्यतीच्या कागदावर सही करते. पुन्हा पुन्हा जास्त आला तर मूत्रपिंडाच्या वगैरे तपासण्या करू, पण ते पुढचं पुढे. तोवर खेळू द्या, फक्त खारट आणि पाकिटातलं खाणं कमी करा.

यातलं मास्तरांनी किती ऐकलं? 'मूत्रपिंड' एवढंच ऐकलं.

घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. बीपी ही कर्त्या माणसाची वस्तू. जिला अजून लाइटबिलाची तारीख माहीत नाही, तिला बीपी कसलं? आणि तेही जाड्या माणसांना होतं असं ते समजून होते. बायकोने विचारलं, डॉक्टरीणबाई घाबरण्यासारखं काही म्हणाल्या का? मास्तर म्हणाले, घाबरू नका म्हणाल्या. आणि डॉक्टर घाबरू नका कधी म्हणतो, हे काय मला कळत नाही?

मास्तर घाबरले होते. त्यांनी हे कोणालाही सांगितलं नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

संध्याकाळी ते औषधाच्या दुकानातून यंत्र घेऊन आले. दुकानदाराने विचारलं होतं, कोणासाठी पाहिजे. आता लेकीसाठी म्हणावं तर गल्लीभर होईल, म्हणून मास्तर म्हणाले, घरच्यांसाठी. दुकानदाराने मास्तरांच्याच दंडाकडे बघून मोठ्यांचा पट्टा असलेलं यंत्र बांधून दिलं. इथवर चूक कोणाचीच नव्हती. असती तर ती दंडाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काडीला खुर्चीवर बसवलं आणि पट्टा गुंडाळला. तो तिच्या दंडाभोवती एक वेढा घेऊन दुसऱ्या वेढ्यालाही निघाला. पोत्यात छत्री घालून ठेवावी तसा तो हात दिसत होता. यंत्र गुरगुरलं, फुगलं, सुस्कारा टाकून थांबलं, आणि आकडा आला तो अगदी बेताचा. काडीने उडीच मारली. म्हणाली, झालं, मी पळायला मोकळी.

पण मास्तर पट्ट्याकडे बघत होते. ज्या नजरेने ते दुसऱ्या शिंप्याने शिवलेला कोट बघत, त्या नजरेने.

"हे माप नव्हे," ते म्हणाले. "ढगळ आहे. ढगळ पट्ट्यावरचा आकडा म्हणजे ढगळच आकडा."

आता गंमत बघा, बोलले ते शंभर टक्के खरं. त्या पट्ट्यावरच्या आकड्याला काही अर्थ नव्हता. मास्तरांनी तेवढ्यावर थांबून दुकानदाराला विचारलं असतं, तर ही गोष्ट पुढे सांगायची वेळच आली नसती. पण जगात शिलाईयंत्र नावाची वस्तू असताना मास्तर दुसऱ्याला विचारायला कशाला जातील?

त्यांनी पट्टा चाचपला. आत हवेने फुगणारी रबराची पिशवी होती. सुई पिशवीला लागू द्यायची नाही एवढं भान त्यांना होतं. (काही झालं तरी हातात कला होती.) त्यांनी पिशवीची कड आतल्या आत दुमडली, वरून कापडाला सुबक चूण घातली, दुहेरी टीप मारली आणि कडेला पायपिंगही लावली. पट्टा आता काडीच्या दंडावर असा बसला की जणू ती तो घालूनच जन्माला आली होती. फुगा कुठेही गळला नाही. त्या शिलाईत खोट काढायला जागा नव्हती, आणि खरं दुखणं तेच होतं.

यंत्र गुरगुरलं. आकडा चांगलाच वर गेला.

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. त्या बघण्यात निम्मी काळजी होती आणि निम्मं 'बघ, मी म्हणत नव्हतो?' होतं.

त्या दिवसापासून घरातलं मीठ गेलं. डॉक्टरीणबाईंनी कमी करा म्हटलं होतं, मास्तरांनी डबाच माळ्यावर टाकला. भाजी, डाळ, उकडलेलं अंडं, सगळं एका चवीचं लागायला लागलं, आणि ती चव म्हणजे ताटलीची. वेफर्सची पाकिटं दिसली की मास्तर ती साप धरावा तशी चिमटीत धरून बाहेर नेत. काडीचं पळणं बंद, जिना चढायचा तर एकेक पायरी, दप्तर मास्तरांच्या पाठीवर. मैत्रिणी घरी आल्या की मास्तर पडद्याआडून डोकं काढून सांगत, हसा, पण बसून हसा.

आणि रोज सकाळी मोजणी. काडी खुर्चीत. समोर स्टुलावर मास्तर, गळ्यात टेप, हातात कात्री (ती खाली ठेवायचं त्यांना सुचत नसे), डोळे यंत्रावर आणि श्वास रोखलेला. आकडा वर चढायला लागला की मास्तरांच्या भुवयाही त्याच्याबरोबर चढत. बायको एकदा म्हणालीच, तुम्ही असे कात्री घेऊन माझ्यासमोर बसलात ना, तर माझंच काय, खुर्चीचंही वाढेल.

यावर मास्तरांनी तिचाही दंड मागितला. तिचा आकडा काडीपेक्षा वर गेला. मग स्वतःचा मोजावा म्हटलं, तर चूण घातलेला पट्टा त्यांच्या दंडाला पुरेना. त्यांनी तो कसाबसा मनगटाच्या वर चिकटवला. यंत्राने बराच वेळ विचार केला आणि काचेवर नुसतं इंग्रजी ई अक्षर दाखवलं. बायको म्हणाली, म्हणजे काय? मास्तर जरा विचार करून म्हणाले, एक्सलंट.

आता ज्याच्या दुकानात दिवसभर माणसं आपणहून हात वर करून उभी राहतात, त्याच्या हाती असलं यंत्र लागलं तर काय होणार? छाती, कंबर, बाही आणि त्याच ओघात रक्तदाब. मास्तरांनी पट्ट्याच्या टोकाला कापडाची लांब जोडपट्टी शिवली, म्हणजे आता कोणाचाही दंड मावत होता, आणि पहिला सापडला शेजारचा बेकरीवाला. तो पँट सैल करून घ्यायला आला होता. मास्तरांनी कंबरेचा आकडा सांगितला तेव्हा तो हसला. रक्तदाबाचा सांगितला तेव्हा मटकन खाली बसला. त्याच्यामागून इस्त्रीवाला, त्याच्यामागून टायपिंग क्लासच्या बाई, त्याच्यामागून त्या बाईंचा धाकटा दीर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते त्या गल्लीने अक्षरशः करून बघितलं. दंड जितका जाड, तितका त्या आखूड फुग्याचा आकडा मोठा. एका पैलवानी अंगाच्या ट्रकवाल्याचा आकडा तर असा आला की मास्तरांनी त्याला शर्टाचं माप न घेताच परत पाठवलं. म्हणाले, शिवून काय उपयोग.

गल्ली अळणी झाली. संध्याकाळी माणसं घोळक्याने फिरायला निघू लागली, आणि भेटल्यावर 'काय, बरं आहे ना' ऐवजी 'किती?' असं विचारू लागली. समोरच्या जाऊबाई-जाऊबाई वर्षानुवर्षं खिडकीतून एकमेकींचा उद्धार करत. मास्तरांनी रागावणं बंद करायला सांगितल्यावर दोघी गप्प झाल्या, तर त्या शांततेने लोकांना झोप येईना. सगळ्यात पंचाईत बेकरीवाल्याची. त्याच्या खाऱ्या बिस्किटांकडे कोणी ढुंकून बघेना. मास्तरांशी भांडायला जावं, तर डोक्यात राग घालायचा नाही हेही मास्तरांनीच सांगितलेलं. तो बिचारा दाराशी यायचा, एक लांब श्वास घ्यायचा आणि परत जायचा. सगळ्यांना मास्तरांचा सल्ला एकच: डॉक्टरीणबाईंकडे जा, माझं नाव सांगा.

इकडे काडीचा आकडा काही उतरेना. शाळेतून खेळाच्या बाईंचा निरोप आला, की उद्यापर्यंत सही आली नाही तर तिच्या जागी दुसरी मुलगी घ्यावी लागेल. मास्तरांनी निरोप ऐकला आणि शिलाईयंत्रावर मान खाली घातली. काडी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही, आदळआपट केली नाही. ती करायची तर एकेक पायरीने करावी लागली असती.

"बाबा, मला काही होत नाहीये," ती म्हणाली. "मला बरं वाटतंय. तुम्हालाच बरं वाटत नाहीये."

मास्तरांचा पाय पायडलवरच थांबला. ते म्हणाले, अगं, तुझ्या मापाचं मला सगळं कळतं. खांदा किती, बाही किती, उंची किती वाढली, सगळं न मोजता सांगतो. आणि आत काय चाललंय ते कळत नाही, याचं काय करू?

काडीने त्यांच्या ओठांतल्या टाचण्या काढून घेतल्या आणि डबीत ठेवल्या. म्हणाली, आपण डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, त्यांनाच विचारू.

दुसऱ्या दिवशी तिघंही यंत्रासकट दवाखान्यात गेले, तर तिथे बाकावर अर्धी गल्ली. बेकरीवाला, टायपिंगच्या बाई, त्यांचा दीर, इस्त्रीवाला, आणि भिंतीला टेकून, बाकावर मावत नाही म्हणून, ट्रकवाला. सगळ्यांनी मास्तरांना आदराने जागा करून दिली. मास्तरांनी मान लववली. एखाद्या मोठ्या डॉक्टरलाही जमली नसती इतकी माणसं त्यांनी पाठवली होती.

आत डॉक्टरीणबाई वैतागलेल्या होत्या. त्यांनी मास्तरांना बघताच सांगितलं, की चार दिवस झाले, तुमच्या गल्लीतला जो येतो तो घरी प्रेशर भयंकर आहे म्हणतो, आणि इथे मोजावं तर ठणठणीत. मला वाटलं, पाण्यात काही आहे की काय. पालिकेला कळवणार होते.

मास्तरांनी अभिमानाने पिशवीतून यंत्र काढलं. बाईंनी पट्टा हातात घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरला. चूण दिसली. दुहेरी टीप दिसली. पायपिंग दिसली. जोडपट्टी दिसली.

"हे कोणी केलं?"

"मीच," मास्तर म्हणाले. "फार ढगळ होता हो. कंपनीची माणसं माप न घेताच शिवतात."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. उघडले. मग त्यांनी सांगितलं ते असं: महत्त्वाचं कापड नव्हे, आतला फुगा. फुगा दंडाच्या मानाने मोठा असला तर आकडा कमी दाखवतो, लहान असला तर जास्त. तुमचा आधीचा पट्टा तिला मोठा होता, ही तुमची शंका बरोबर होती. पण फुगा दुमडून तुम्ही तो तिलाच काय, सगळ्या गल्लीला लहान केलात. निदान अगदी बरोबर, मास्तर. ऑपरेशन मात्र करायला नको होतं.

"मग मुलांचं मोजायचं तरी कसं?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी ड्रॉवर उघडला. आत पट्टे ओळीने ठेवले होते. तान्ह्या बाळाचा, त्याहून थोड्या मोठ्याचा, शाळकरी पोराचा, सडपातळ माणसाचा, जाड माणसाचा. मास्तर बघतच राहिले. त्यांनी हळूच एक उचलला, कड चाचपली, पुन्हा जागेवर ठेवला. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघालं, की तयार माल वाईट नाही.

काडीच्या दंडावर तिच्या मापाचा पट्टा बसला. बाईंनी तिला पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीला, हात टेबलावर, बोलायचं नाही. मास्तर समोर उभे राहिले. श्वास रोखला. आकडा आला तो घरच्यापेक्षा पुष्कळ खाली, पण बाईंच्या मनासारखा नव्हता. त्यांनी काडीकडे बघितलं, मग काडी कुठे बघत होती तिकडे बघितलं. तिथे मास्तरांच्या भुवया होत्या.

"मास्तर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

"मी? मी काही बोललो पण नाही."

"म्हणूनच."

बाहेर येणं सोपं नव्हतं, कारण दवाखान्याचा पडदा मास्तरांनी शिवलेला नव्हता, पातळ होता. आतलं सगळं बाहेर ऐकू गेलं होतं. बाकावरच्या माणसांनी आता जागा केली नाही. टायपिंगच्या बाईंनी पर्स मांडीवरून बाकावर ठेवली, म्हणजे होती ती जागाही गेली. बेकरीवाला उठला. बऱ्याच दिवसांचं साचलेलं बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि सवयीने आधी एक लांब श्वास घेतला.

"घेऊ नका श्वास," ट्रकवाला भिंतीपासून म्हणाला. "आता बोला बिनधास्त. तुम्हाला काही झालेलं नाही."

बेकरीवाला जे बोलला त्यात खारी बिस्किटं होती, मास्तरांचे पूर्वज होते आणि कात्री होती. एरवी मास्तरांनी उत्तर दिलं असतं. पण त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं. आतून यंत्राचा आवाज आला. थांबला. बराच वेळ काही नाही. पुन्हा आवाज आला, पुन्हा थांबला. बेकरीवाल्याने मास्तरांचा चेहरा बघितला आणि त्याचा राग मध्येच उसवला. म्हणाला, बसा जरा, आणि स्वतःची जागा दिली. मास्तर बसले नाहीत.

शेवटी बायकोने पडदा बाजूला केला. तिच्या चेहऱ्यावरून मास्तरांना कळलं, तरी त्यांनी ते डॉक्टरीणबाईंकडून ऐकून घेतलं. दोन्ही वेळा आकडा तिच्या वयाला आणि उंचीला साजेसा आला होता. शाळेत त्या दिवशी ती मैदानावरून पळत थेट रांगेत आली होती, पुढच्या मुलीशी हसत-खिदळत होती, म्हणून तेव्हा चढला असणार. तरी अधूनमधून दाखवायला आणा, मुलांचं मोजत राहणं चांगलंच. मीठ माळ्यावरून खाली काढा, पण पूर्वीइतकं नको, सगळ्यांनाच. आणि तिला पळू द्या. पळण्याने हे वाढत नाही, उलट ताब्यात राहतं.

मास्तरांनी मान डोलावली. त्यांनी खिशातून रुमाल काढला. (त्यालाही दुहेरी टीप होती.)

बाईंनी कागदावर सही केली. मग थोडा विचार करून खाली एक ओळ जास्तीची लिहिली आणि कागद मास्तरांच्या हातात न देता काडीच्या हातात दिला. तिने तो वाचून खेळाच्या बाईंना दिला, आणि त्यांनी ती ओळ अक्षरशः पाळली. त्यामुळे शर्यतीच्या दिवशी सगळी गल्ली मैदानात दोरीला लागून उभी होती, बेकरीवाला खारी बिस्किटं वाटत होता, आणि मुलीचे जन्मदाते वडील तेवढे फाटकाबाहेर, भिंतीकडे तोंड करून बसले होते.

आरडाओरडा झाला, शिट्टी झाली, टाळ्या झाल्या. बायको धावत बाहेर आली आणि म्हणाली, दुसरी आली, एका हाताच्या अंतराने पहिला नंबर हुकला.

मास्तर उठले. लेक पळाली, धडधाकट पळाली, एवढ्याने त्यांचं मन भरलं होतं. पण माणसाला सुख पचतं कुठे? म्हणाले, मी आत असतो तर एक हात काय मोठा होता? आली असती की पहिली.

"असेल," बायको म्हणाली. "जी पहिली आली ना, तिचे वडील म्हणे गावातच नव्हते."